लग्न झालं, पण घरी कधी येणार?

परदेशातल्या मुलाचं लग्न झालं, की आपल्याकडे घरोघरी पहिला प्रश्न असतो, "मग आता जोडीनं गावाला कधी येणार?" प्रश्न मायेचा आहे. पण मुलगा अमेरिकेत व्हिसाची मुदत उलटून राहिलेला असेल, तर हा प्रश्न फार महाग पडू शकतो. न्यूजर्सीत एका वकिलांच्या कचेरीत मी बरीच वर्षं मराठी कुटुंबांसाठी दुभाषाचं काम करते. तिथे जे पाहिलं, ते आज सांगते.

पहिला घोटाळा मुदतीचाच. पासपोर्टवर दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा असतो, म्हणून लोकांना वाटतं की दहा वर्षं राहता येईल. खरं तर व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. पर्यटकाला बहुधा सहा महिने मिळतात, आणि ती तारीख 'आय-९४' नावाच्या नोंदीत असते. ती उलटली, की मुक्काम बेकायदा.

अशा माणसानं अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं तर? नागरिकाचा जोडीदार 'निकटचा नातेवाईक' मानला जातो. त्याला वर्षानुवर्षांची रांग नाही. तो रीतसर तपासणी होऊन देशात आलेला असेल, तर केवळ मुदत उलटली म्हणून त्याची वाट बंद होत नाही. तिथे राहूनच त्याला ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. जोडीदार नागरिक नसून नुसता ग्रीन कार्डधारक असेल, तर ही सवलत सहसा मिळत नाही.

पण ही सवलत देशाच्या आत आहे तोवरच. १९९६च्या कायद्यानं असं ठरवलं, की बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून जास्त झाला आणि माणूस देशाबाहेर पडला, तर त्याला तीन वर्षं परत येता येत नाही. मुक्काम एक वर्ष किंवा त्याहून जास्त असेल, तर दहा वर्षं. चूक राहण्याची, शिक्षा मात्र निघाल्यावर!

आमच्याकडे आलेल्या एका तरुणाचं असंच झालं. मुदत उलटून दोन वर्षं झालेली, बायको नागरिक, अर्ज दाखल केलेला. तेवढ्यात गावी वडिलांनी अंथरूण धरलं. आई फोनवर म्हणाली, "उभ्या उभ्या ये, तोंड दाखवून जा." वकिलांनी सांगितलं, प्रवासाची पूर्वपरवानगी हातात नसताना गेलास तर अर्ज सोडून दिला असं धरतील, वर दहा वर्षांची बंदी. हे आईला मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. ती माउली थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं विचारलं, "दहा वर्षं सूनबाई एकटीच राहणार का हो तिकडं?" आणि स्वतःच म्हणाली, "मग नको येऊ म्हणावं." चौथ्या दिवशी वडील गेले. धाकट्यानं अग्नी दिला. थोरल्यानं ते फोनवर पाहिलं.

या पूर्वपरवानगीला तिथे 'ॲडव्हान्स पॅरोल' म्हणतात. ती घेऊन गेल्यास दहा वर्षांची बंदी लागू होत नाही, असा निकाल तिथल्या स्थलांतरविषयक अपील मंडळानं २०१२ साली दिला. पण ती मिळायला वेळ लागतो, आणि ती असली तरी परत आल्यावर आत घेणं अधिकाऱ्याच्याच हाती असतं. शिवाय अर्ज केला म्हणजे अभय मिळालं, असंही नाही. नुसत्या कौटुंबिक अर्जानं देशातून काढण्याची कारवाई थांबत नाही, हे संबंधित खात्यानं २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

कुणी म्हणेल, मग कागदावरचं लग्न लावून टाकू. तो विचार मनातही आणू नये. मुलाखतीत नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून प्रश्न विचारू शकतात. घराचा भाडेकरार, बँकेचं खातं, विमा सगळं पाहतात. खोट्या लग्नाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. खोटं सिद्ध झालं, तर पुढे खरं लग्न केलं तरी जोडीदाराचा अर्ज मंजूर होत नाही. लग्नाला दोन वर्षं पूर्ण होण्याआधी कार्ड मिळालं, तर ते दोन वर्षांचंच असतं. ती मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांना मिळून पुन्हा अर्ज करावा लागतो.

म्हणून आईवडिलांना माझं एवढंच सांगणं आहे. "दोनच दिवस ये," असं म्हणण्याआधी मुलाला एक प्रश्न विचारा, "तुझ्या आय-९४ वरची तारीख कोणती?" उत्तर देताना तो अडखळला, तर तिकिटाआधी वकील गाठायला सांगा. आणि तो आला नाही, तर त्याला माया उरली नाही असं मनात आणू नका.