संगणकाचे प्रशिक्षण : आधी शिकणाऱ्याची ओळख

मराठी टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या लिपिकाला संगणकासमोर बसवून कळफलकाची तोंडओळख करून देणे, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला काठावर पाय हलवावयास लावणे होय. त्याची अडचण निराळीच असते. ‘शिक्षक’ हा शब्द यंत्रावर उमटविताना तो ऱ्हस्व वेलांटी आधी देतो व मग ‘श’. कारण कागदावर ती आधी दिसते. १९९१ च्या भारतीय मानकातील इनस्क्रिप्ट मांडणीत अक्षर आधी आणि वेलांटी नंतर येते. रफाराचेही तसेच. ‘कर्ज’ लिहिताना यंत्रावर रफार शेवटी, तर इनस्क्रिप्टमध्ये ‘र’ आणि हलन्ताची कळ ‘ज’च्या आधी. या दोन सवयी मोडण्याचा सराव त्याला हवा. माऊस तो दोन दिवसांत आपसूक शिकेल.

नवख्याला मात्र प्रत्येक पायरी करून दाखवावी लागते. कल्युगा, स्वेलर आदी संशोधकांनी २००३ साली मांडले, की नवशिक्यास तारणारे तपशीलवार मार्गदर्शन जाणत्यास अडथळा ठरू शकते. २०१७ च्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात १४ ते ६० वयोगटासाठी २० तासांचा अभ्यासक्रम होता. तास सर्वांना सारखे देता येतात, पायरी सारखी देता येत नाही.

पंचायतीची एखादी सदस्या मोबाईलवरून सफाईने पैसे पाठविते. पण संगणकावर साठविलेला अर्ज तिला सापडत नाही. मोबाईलवर फोल्डरशी तिचा कधी संबंधच आलेला नसतो. तिला संगणकाच्या इतिहासावरील व्याख्यान नको. दप्तराचे कपाट, कप्पे आणि फायली दाखवून सुरुवात करावी.

येथे प्रश्न केवळ सोयीचा नाही. २०२० साली सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज प्रणालीत ग्रामपंचायतीचे हिशेब आणि देयके नोंदली जातात. डिजिटल स्वाक्षरीचे साधन सरपंचाने दुसऱ्याच्या हाती सोपविले, तर ते सही केलेला कोरा धनादेश देण्यासारखेच झाले.

म्हणून वर्गाचा पहिला अर्धा तास पारखण्यात घालवावा. साठविलेले पत्र उघडणे, त्यातील नाव दुरुस्त करणे, ते पुन्हा साठविणे, एवढेच काम प्रत्येकास द्यावे आणि प्रशिक्षकाने पडद्यापेक्षा हातांकडे पाहावे. कोणी कोठे बसावे हे त्यावरून ठरेल. या पारखणीचा निकाल मात्र फळ्यावर लिहू नये. निवृत्तीला आलेले गुरुजी दुसऱ्या दिवशी वर्गात येणार नाहीत.