संबळ वाजवत पीएच.डी.

गंगाखेडला संत जनाबाईंचं गाव म्हणून सारा महाराष्ट्र ओळखतो. आपल्या गोदाकाठी गाणं जात्यापाशी, अंगणात, देवाच्या दारात वाढलं. याच मातीतल्या एखाद्या मुलानं किंवा मुलीनं स्वतः गाऊन, वाजवून, नाचून डॉक्टरेट करायची ठरवली तर ती कशी करावी, याबद्दल आज बोलायचं आहे.

लोककलांविषयी आपल्याकडे मोलाचं लेखन झालं आहे. डॉ. प्रभाकर मांडे यांनी मराठवाड्यातली लोकपरंपरा अभ्यासली आणि विद्यापीठात तिला मान मिळवून दिला. हे कलेविषयीचं संशोधन झालं. दुसरी वाट स्वतः कलावंताची आहे. त्याला पडलेला प्रश्न त्याच्या कलेतून निघतो आणि उत्तरही तो सादरीकरणातूनच शोधतो. फिनलंडच्या सिबेलियस अकादमीत अशा डॉक्टरेटसाठी लेखी प्रबंधाबरोबर मैफलीही तपासल्या जातात.

आपल्याकडे या वाटेच्या जवळचं उदाहरण म्हणजे डॉ. प्रभा अत्रे. ख्यालगायनातली सरगम हा त्यांच्या संशोधनाचा विषय, आणि तीच त्यांच्या गाण्याची ओळख. मैफलीत सरगम गात असतानाच ती का आणि कशी गायची, याचा विचार त्यांनी शास्त्र म्हणून मांडला.

आता आपल्या गोंधळाचं घ्या. राजारामबापू कदमांनी ज्या परभणीचं नाव गोंधळानं राज्यभर नेलं, त्याच जिल्ह्यातले आपण. समजा, गोंधळ्याच्या घरातली एखादी मुलगी संशोधनाला बसली. 'गोंधळाचा इतिहास' हा विषय तिनं घेऊ नये, तो आवाक्याबाहेरचा आहे. तिनं एवढंच विचारावं: अंगणातलं आख्यान स्टुडिओत आलं की संबळाची लय कशी बदलते?

लग्नानंतरच्या गोंधळात चौक मांडला जातो, देवतांना आवाहन होतं, मग आख्यान लागतं. रात्र चढते. माणसं पेंगायला लागली की संबळ चढा होतो, प्रसंग रंगला की आख्यान लांबतं. रेडिओवर हेच आख्यान १५ मिनिटांत बसवावं लागतं. तिनं एकच आख्यान अंगणात, सभागृहात आणि स्टुडिओत सादर करावं. तिन्हींचं ध्वनिमुद्रण ठेवावं. तालमीची रोजनिशी लिहावी: वळलेल्या टोकाची काडी कुठं जोरात पडली, कुठला प्रसंग गाळला, साथीदारानं कुठं अडवलं आणि का. या नोंदींतून उभा राहिलेला युक्तिवाद म्हणजे तिचा प्रबंध. परीक्षकांनी तो वाचावा आणि आख्यानही समोर बसून ऐकावं. नुसतं उत्तम वाजवणं पुरेसं नाही. त्या वाजवण्यातून जे नवं कळलं, ते दुसऱ्या कलावंताला वापरता आलं पाहिजे.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, आणि परभणी जिल्हा याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. पीएच.डी.ला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे किमान ३ वर्षं लागतात. घरच्यांनी एवढा धीर धरायला हवा.

पण माझं खरं मागणं विद्यापीठांकडे आहे. त्या मुलीला संबळ शिकवणारे तिचे वडील किंवा आजोबा शाळेच्या पायरीपाशीच थांबलेले असतील. प्रबंधात त्यांचं नाव ऋणनिर्देशापुरतं येऊ नये. तिचं ज्ञान मुळात त्यांच्याकडून आलेलं आहे. त्यांना सहमार्गदर्शक माना, तोंडी परीक्षेला सन्मानानं बसवा. त्यांच्या संमतीनंच ध्वनिमुद्रण व्हावं आणि त्याची प्रत त्यांच्या घरी राहावी. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय केली. किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या जाणकाराला तिथं पीएच.डी.ची अट नाही. अनुभवाच्या बळावर वर्गात शिकवता येत असेल, तर त्याच बळावर शिष्येची परीक्षाही घेता आली पाहिजे.

आणि तरुण मित्रमैत्रिणींनो, पदवीसाठी कला बाजूला ठेवू नका. घरातलं एक आख्यान, एक भारूड, आजीच्या ओव्यांची एक चाल निवडा. ती पूर्ण शिका, सादर करा, आणि सादर करताना जे उमगलं ते त्याच रात्री लिहून ठेवा. संशोधनाचं पहिलं पान ते असेल.