आतड्यांच्या तातडीच्या शस्त्रक्रिया आणि मृत्यूंचा हिशेब



कामगार संघटनेचा माणूस डॉक्टरांच्या विषयात कशाला शिरला, असे काहींना वाटले असेल. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाने केले. पण अपघातांच्या नोंदी वाचण्यात तीस वर्षे गेली, आणि आजचा विषय नोंदीचाच आहे.

आतड्याला पीळ पडतो, हर्नियात ते अडकते, नाहीतर अल्सर फुटून भोक पडते. आतली घाण पोटात सांडते, विष रक्तात भिनते, मूत्रपिंडे थकतात. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत, पोट उघडावेच लागते. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत रोग्याची तयारी करून घेता येते. येथे ती सवड नसते. म्हणून मृत्यू अधिक. पण किती अधिक?

ब्रिटनमधील ३५ रुग्णालयांतल्या १,८५३ रोग्यांचा हिशेब २०१२ साली प्रसिद्ध झाला. तीस दिवसांत शंभरी सुमारे पंधरा दगावले होते. ऐंशी आणि त्यापुढच्या वयात चोवीस. रुग्णालयागणिक आकडा ३.६ टक्क्यांपासून ४१.७ टक्क्यांपर्यंत! रोगी थोडे असले की योगायोगाने आकडे हलतात, हे मान्य. तरी एवढी तफावत सगळी नशिबाच्या माथी मारता येत नाही.

आमचा एक सभासद असाच गेला. दोन ठिकाणी खाट नाही म्हणून परतवले, तिसऱ्या ठिकाणी शस्त्रक्रिया झाली, चौथ्या दिवशी संपला. कागदावर लिहिले, 'हृदयक्रिया बंद पडून मृत्यू'. हृदय कोणाचे बंद पडत नाही? आतडे आणि वाया गेलेले तास त्या कागदावर नव्हतेच.

इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर २०१३ पासून अशा रोग्यांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. किती तासांत टेबलावर घेतले? धोका आधी मापला का? वरिष्ठ सर्जन आणि भूल देणारे वरिष्ठ डॉक्टर जातीने हजर होते का? नंतर अतिदक्षता विभागात खाट मिळाली का? उत्तरे रुग्णालयाच्या नावानिशी छापली गेली. आरंभी मृत्यू शंभरी बाराच्या घरात होते. चौथ्या वर्षी ते दहाच्या खाली आले.

मात्र केवळ मोजल्याने माणसे वाचतात, असे समजू नका. तेथीलच ९३ रुग्णालयांत उपचारांचा सुधारित क्रम आखून देण्यात आला. पंधरा हजारांहून अधिक रोगी त्या पाहणीत होते. निष्कर्ष २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला: नव्वद दिवसांत शंभरी सोळा मृत्यू, क्रम लागू होण्याआधी तेवढेच आणि नंतरही तेवढेच. कारणे शोधताना आढळले, की ही सुधारणा ज्यांच्यावर सोपवली त्यांना तिच्यासाठी पुरेसा वेळ नव्हता आणि जादा साधनेही मिळाली नव्हती. रोजचे काम सांभाळून त्यांनी ती रेटायची होती. कारखान्यातून येथे आलेल्या मंडळींना हे निराळे समजावून सांगायला नको.