थुंकीची डबी आणि शेवटचा हात



क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिला. तो खोकल्यातून हवेत पसरतो. म्हणून थुंकीचा नमुना मोकळ्या हवेत द्यावा, डबीचे झाकण घट्ट लावावे, हे आपण वस्तीत सांगतो. प्रयोगशाळेतही नियम आहेत : पिपेट तोंडाने ओढू नये, तपासलेली डबी ५ टक्के फिनॉलमध्ये रात्रभर बुडवूनच टाकावी.

पण ती डबी शेवटी उचलतो कोण? बहुधा आपल्यातलाच सफाई कामगार. तंत्रज्ञाला प्रशिक्षण मिळते; याला नियम कोण सांगतो?

प्रयोगशाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांनो, आमचे एवढेच मागणे : डबी निर्जंतुक झाल्याची खात्री करूनच त्याच्या हाती द्या, त्याच्या हातात मोजे आहेत ना, तेही पाहा. प्रज्ञेला करुणेची जोड हवी, ती इथे.

जयभीम! नमो बुद्धाय!