परसातला धूर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी मूळचा जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातला. गेली बावीस वर्षं नोकरीनिमित्त अमेरिकेत, टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहतो. गेल्या ऑक्टोबरात मी एक खरेदी केली आणि तिच्यावरून आमच्या घरात आठवडाभर जे झालं, ते आज सांगणार आहे. खरेदी साधीच होती. मांस धुरावर शिजवायचं यंत्र. तिकडे त्याला पेलेट स्मोकर म्हणतात.

टेक्सासमध्ये मांस धुरावर शिजवणं ही जवळजवळ उपासना आहे. एकोणिसाव्या शतकात मध्य टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक खाटीक येऊन वसले, त्यांनी आपल्या दुकानांमागे मांस धुरावण्याच्या भट्ट्या घातल्या. तिथून हे सुरू झालं. ऑस्टिनच्या दक्षिणेला लॉकहार्ट नावाचं गाव आहे, तिथलं क्रॉइट्झ मार्केट १९०० सालापासून चालू आहे. जातिवंत टेक्सासवाला ओकची लाकडं जाळतो, रात्रभर भट्टीपाशी खुर्ची टाकून बसतो, दर अर्ध्या-पाऊण तासाला लाकूड सारतो. माझे शेजारी असे आहेत. सत्तरीचे निवृत्त गृहस्थ. माझं खोकं उतरताना त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "याला वायर आहे?" मी म्हटलं, "आहे." ते काही न बोलता आत गेले.

वायर असते, कारण यात आग यंत्र सांभाळतं. एका बाजूच्या पेटीत लाकडाच्या गोळ्या भरायच्या. गोळ्या म्हणजे शिसपेन्सिलीचे बारीक तुकडे करावेत तशा, सहा मिलिमीटर जाडीच्या. खालून एक मळसूत्री दांडा फिरतो, तो त्या थोड्याथोड्या पुढे ढकलून लोखंडी वाटीत पाडतो. वाटीत विजेवर तापणारी कांडी, शेजारी पंखा. तापमान उतरलं की दांडा जास्त फिरतो, चढलं की कमी. हे घरगुती यंत्र ओरेगन राज्यातल्या माउंट एंजल गावच्या जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात बनवलं. तो सगळा मुलूख लाकूड कापायच्या गिरण्यांचा. पेटंटची मुदत २००६ मध्ये संपली आणि मग इतर कंपन्याही त्यात उतरल्या. मी सातशे डॉलर मोजले. बायकोला पाचशे सांगितले होते, तेही आज इथे कबूल करून टाकतो.

पण तिची हरकत पैशांना नव्हती. ती म्हणाली, "आईंचं काय?"

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. वडील गेल्यापासून ती आमच्याकडे आहे. तिच्या फुप्फुसांची ताकद निम्म्याच्या आसपास उरली आहे. जळगावच्या डॉक्टरांनी तपासल्यावर पहिला प्रश्न विचारला होता, "आजी, बिडी-तंबाखू?" ती माळकरी, कानावर हातच ठेवले. मग त्यांनी विचारलं, "चूल किती वर्षं?" तिने बोटांवर मोजलं. लग्न झाल्यापासून घरात गॅस येईपर्यंत, पस्तीस वर्षं. डॉक्टरांनी कागदावर तेवढंच लिहिलं. घरातल्या चुलीच्या धुरापायी जगभरात २०२० साली बत्तीस लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि मी त्या बाईच्या मुक्कामी परसात धुराचं यंत्र आणून ठेवलं होतं.

मी म्हटलं, हा धूर पातळ असतो. ते खरंही आहे. पंख्यामुळे गोळ्या स्वच्छ जळतात, म्हणून पेलेटचा धूर ओल्या लाकडासारखा डोळ्यांत जात नाही. पण धूर तो धूरच, हे मलाही कळत होतं.

नवं यंत्र आधी रिकामंच तासभर कडक तापवून घ्यावं लागतं, कारखान्यातलं तेल जळून जावं म्हणून. मी बटण दाबलं. पाच मिनिटं काहीच झालं नाही, आणि मग झाकणाच्या फटींतून पांढराफटक धूर असा काही उसळला की मुलगी ओरडलीच. गोळ्या साठतात पण अजून ज्योत धरलेली नसते, तेव्हा तसं होतं. आत आईने खिडकी धाडकन लावली. ज्योत धरली आणि धूर निवळून निळसर, जेमतेम दिसेल न दिसेल असा झाला. तेव्हा ती काचेच्या दारामागून म्हणाली, "आता पेटलं. मघाशी नुसतं धुमसत होतं." पुस्तिकेत हे समजावायला दीड पान खर्ची घातलं आहे.

पुढची चूक माझी. उरलेल्या गोळ्या मी पेटीतच ठेवल्या, झाकण नीट बसवलं नाही. आठवड्यात पाऊस झाला. शुक्रवारी संध्याकाळी पाहतो तर दांडा अडकलेला, मोटार नुसती गुरगुरत होती. गोळ्यांना पाणी लागलं की त्या फुगतात आणि विरघळतात. त्यांत गोंद किंवा डिंक काही नसतो. लाकडातच लिग्निन नावाचा पदार्थ असतो, दाबाने आणि उष्णतेने तो मऊ होऊन कण एकमेकांना धरून ठेवतो. पाण्यापुढे ती पकड टिकत नाही. यंत्र थंड होतं, त्यामुळे आई बाहेर येऊन बसली आणि मी चमच्याने खरवडून काढलेला लगदा तिने परातीत घेतला. बोटांत चोळला.

"अरे, हा तर भुसा!"

मग तिला आमची भुशाची शेगडी आठवली. तुमच्यापैकी वयस्क श्रोत्यांना आठवत असेल. पत्र्याच्या डब्याला खाली भोक पाडायचं, त्यातून एक आणि वरून एक अशा बाटल्या उभ्या-आडव्या धरायच्या, भोवती भुसा ठासून भरायचा, मग बाटल्या अलगद काढायच्या. जो पोकळ मार्ग राहतो त्यातून जाळ वर येतो. भरणी सैल झाली की भुसा ढासळून सगळं विझतं. आई सांगत होती की ठासण्याचं काम माझ्या वडिलांकडे असायचं. भुसावळच्या वखारीतून ते सायकलवर पोतं आणत. "फुकट देत असत. पुढे पुढे चार आणे घ्यायला लागले." मग तिने विचारलं, हे पोतं केवढ्याला? मी सांगितलं, नऊ किलोला वीस डॉलर. ती कितीतरी वेळ परातीकडे पाहत राहिली.

शनिवारी पहाटे साडेपाचला मी साडेतीन किलोचा डुकराचा खांदा आत ठेवला. आईला मांस वर्ज्य, पण घराबाहेर काय करायचं ते करा, अशी तिची परवानगी असते. तापमान १०७ अंश सेल्सियसवर लावलं. सहा वाजता संध्याकाळी पाहुणे यायचे होते, शेजारीही.

अकराला मांसाच्या आतलं तापमान ७१ झालं. बारालाही ७१. एकलाही तेवढंच. ते ९५ पर्यंत जायला हवं, तेव्हा कुठे त्यातले चिवट धागे विरघळून मांस बोटाने सुटतं. मी यंत्राला चापट्या मारून पाहिल्या.

एवढ्यात आई प्लास्टिकची खुर्ची ओढत बाहेर आली आणि यंत्राच्या अगदी जवळ बसली. मी जरा वरच्या आवाजातच म्हटलं, "आई, आत चल. तुला धूर चालत नाही." तिने पदर नाकाला लावला नाही की काही नाही. म्हणाली, "पस्तीस वर्षं चुलीपुढे बसले. तेव्हा आत नको, बाहेर ये, असं कुणी म्हटलं नाही."

रागाने म्हणाली नाही. पण मला उत्तर देता येईना. पावसाळ्यात लाकडं ओली असायची, स्वयंपाकघरात डोळे उघडवत नसत. मी आणि माझा भाऊ ताटं उचलून ओट्यावर जायचो. तिथून हाक मारून भाकरी मागायचो. ती आतून आणून द्यायची आणि पुन्हा आत जायची. आम्ही लहान होतो, हे खरं. वडील लहान नव्हते. आणि मी विशीत आलो तेव्हाही घरात चूलच होती.

मी तिची खुर्ची उचलली आणि वारा जिकडून येत होता त्या बाजूला, वीसेक फुटांवर ठेवली. औषधाचा पंप तिच्या हाताशी दिला. तिने तेवढं मानलं.

मग तिनेच विचारलं, "अडलंय कशाला?" मी सांगितलं: गरम झालं की मांसातलं पाणी वर येऊन उडून जातं, आणि उडताना ते मांसाला थंड करतं, माठासारखं. जितकी ऊब आत जाते तितकीच बाहेर निघते, म्हणून काटा हलत नाही. "मग माठ झाकून ठेवायचा की," ती म्हणाली. "पाझरायचाच थांबेल." खरोखर तोच उपाय आहे. मी जाड कागदात मांस घट्ट गुंडाळलं. दुपारचे अडीच वाजले होते. पावणेसहाला ९५ झालं.

आता तिची पाळी. इंडियन स्टोअरमधून तिने दोन मोठी वांगी आणवली होती, काळी. जळगावची भरिताची वांगी फिकट हिरवी, २०१६ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. ती तिकडे कुठून मिळणार? वांगी तासभर धुरावर ठेवली, मग मांस काढून तापमान २३० वर नेलं. साल सुरकुतली, पण काळी होईना. यात ज्योतीवर पत्रा असतो, जाळ अन्नाला लागतच नाही. मूळचा हा ओव्हनच, धूर देणारा. विकणारे ही गोष्ट हळू आवाजात सांगतात. आईने बोटाने दाबून निकाल दिला, "हे वाफवलंय." शेवटी स्वयंपाकघरात गॅसवर पाच मिनिटं धरून साल करपवली, मिरची, लसूण आणि कांद्याची पात घालून ठेचली.

शेजाऱ्यांनी मांसाच्या कडेचा गुलाबी पट्टा बघून मान हलवली. "वाईट नाही," म्हणाले. टेक्सासमध्ये ही बरीच मोठी दाद आहे. भरीत मात्र त्यांनी तीनदा घेतलं आणि हे कोणत्या लाकडावर केलं, असं आईला विचारलं. मी भाषांतर केलं. आईने सांगितलं, हे काही खरं नव्हे, खरं पऱ्हाटीवर होतं. कपाशीच्या वाळल्या काड्या, हे मी त्यांना समजावलं. कापूस टेक्सासमध्येही अमाप पिकतो, त्यामुळे त्यांना ते पटकन कळलं आणि कुणाच्या तरी शेतातून आणून देतो म्हणाले.

त्या रात्री आई दोनदा खोकली. बायको म्हणाली, रोज तेवढीच खोकते. मी याआधी कधी मोजलं नव्हतं. रविवारी सकाळी यंत्र ढकलत कुंपणाच्या पार टोकाला नेलं. खाली चाकं दिली आहेत, तेवढी सोय त्यांनी बरी केली आहे. आईची खुर्ची आहे तिथेच आहे. पऱ्हाटी अजून आलेली नाही.