शेपटीतली रक्तवाहिनी मोजायची कशाला?

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला पोटातलं बाळ आठवतं. गायीची सोनोग्राफीसुद्धा बहुतेक वेळा गाभण आहे का ते बघायलाच होते. पण अमेरिकेत केंटकीमध्ये काही शास्त्रज्ञ गुरांच्या चक्क शेपटीवर प्रोब लावून बसलेत. का, ते ऐका.

गोष्ट सुरू होते 1931 मध्ये. ई. एन. फर्गस नावाच्या प्राध्यापकांना तिथल्या एका डोंगराळ शेतात थंडीतही हिरवंगार राहिलेलं गवत दिसलं. 1943 मध्ये ते ‘केंटकी 31’ नावाने शेतकऱ्यांना मिळालं. टॉल फेस्क्यू. दुष्काळ सोसतं, तुडवलं तरी टिकतं, उताराची माती धरून ठेवतं. सगळीकडे पसरलं.

आणि गुरं मात्र खंगायला लागली. चारा भरपूर, पण वजन वाढेना. उन्हाळ्यात जनावरं दिवसभर तळ्यात उभी. हिवाळ्यात काहींच्या शेपटीचं टोक, कानांच्या कडा, खूरसुद्धा सडून गळायचे. कारण हाती लागलं 1977 च्या सुमारास: गवताच्या आत राहणारी एक बुरशी. बाहेरून दिसतच नाही! ती अर्गोव्हॅलिन नावाचं विष बनवते आणि त्याने रक्तवाहिन्या आवळतात. आपल्या बाजरीवरच्या अरगटाची ती लांबची नातेवाईकच म्हणा.

आता प्रश्न असा, की वाहिनी किती आवळली हे जिवंत जनावरात कळणार कसं? शेपूट गळेपर्यंत थांबायचं? इथे सोनोग्राफी आली. शेपटीच्या खालच्या बाजूने मधोमध एक धमनी जाते. आपले पशुवैद्य गायीची नाडी बघतात ना, तीच. जनावर खोड्यात उभं करायचं, साधारण चौथ्या मणक्यापाशी जेल लावून प्रोब टेकवायचा. डॉप्लरमुळे वाहतं रक्त रंगीत दिसतं. ठोक्याबरोबर वाहिनी फुगते, ती सगळ्यात मोठी असताना चित्र थांबवायचं आणि आतल्या पोकळीची कड आखायची. मशीन क्षेत्रफळ सांगतं, चौरस मिलिमीटरमध्ये. जनावराने शेपूट हलवली की पुन्हा पहिल्यापासून!

एवढ्याशा आकड्याचं काय कौतुक? तर सरळ हिशोब आहे. दाब तोच ठेवून पोकळी निम्मी झाली, तर रक्त निम्मं नाही, साधारण पावपटच वाहतं. म्हणजे उन्हाळ्यात अंगातली उष्णता कातडीपर्यंत येऊन बाहेर पडत नाही आणि थंडीत टोकाला ऊब पोचत नाही. तळ्यातली गाय आणि सडलेली शेपूट, दोन्हींचं मूळ एकच. शिवाय विषारी कुरणातून जनावर बाहेर काढलं, तरी वाहिनी पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात, हेही मोजल्यामुळेच कळलं.

मला सगळ्यात आवडलेला भाग पुढे आहे. फेस्क्यूमध्ये लाल क्लोव्हर पेरलं की गुरं सुधारतात, हे शेतकऱ्यांना ठाऊक होतं. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमच्या कुळातलंच. लोकांना वाटायचं, चाऱ्यात विषाचं प्रमाण कमी होतं, बस. मग आधी शेळ्यांना आणि नंतर गुरांना क्लोव्हरमधली आयसोफ्लॅव्होन द्रव्यं देऊन धमन्या मोजल्या, तेव्हा पोटात विष असतानाही आवळलेली वाहिनी सैल झालेली पडद्यावर दिसली.

गवत उपटून का टाकत नाहीत, असं तुम्ही विचाराल. अहो, ते साडेतीन कोटी एकरांवर आहे, आणि उतारावरची माती त्यानेच धरलीये.