रस्ता कोणाचा, बाजार कोणाचा?

आज मोबाइल कंपन्यांवर बोलायचंय. रिचार्ज किती महागला, हा विषय नाही. ऑनलाइन सेवांच्या बाजारात या कंपन्या नेमक्या कुठे बसतात, ते बघू.

सुरुवात जपानपासून. फेब्रुवारी १९९९ मध्ये एनटीटी डोकोमोनं आय-मोड सुरू केलं. बातम्या, तिकिटं, बँक, सगळं साध्या फोनवर. सेवा इतरांच्या, पण पैसे फोनच्या बिलात यायचे. डोकोमो त्यातले ९ टक्के ठेवायची, बाकीचे सेवा देणाऱ्याला. शिवाय कंपनीच्या अधिकृत यादीबाहेरच्या साइटसुद्धा उघडायच्या. बाजार कंपनीचा खरा, पण दुकानदाराला त्यात पोट भरता येत होतं.

आपल्याकडे काय झालं? कॉलर ट्यून, क्रिकेटचे स्कोअर, ज्योतिष आठवतंय ना? इथं मोठा वाटा कंपनीच ठेवायची. आणि कित्येकांच्या बॅलन्समधून न विचारता पैसे जायचे. शेवटी २०१३ मध्ये ट्रायला सांगावं लागलं, की ग्राहकाची दोनदा संमती घेतल्याशिवाय सेवा सुरू करायची नाही.

मग २०१५ मध्ये एअरटेल झीरो आलं. कल्पना अशी, की ॲपवाल्यानं डेटाचे पैसे भरायचे आणि ग्राहकाला ते ॲप फुकट. ऐकायला छान! पण ज्याच्याकडे पैसे नाहीत त्या छोट्या ॲपवाल्याचं काय? लोक चिडले, फ्लिपकार्टनं अंग काढून घेतलं. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं नियमच केला: कोणती साइट बघताय त्यावरून डेटाचा दर बदलायचा नाही.

मग आता कंपन्या बाजारातून बाहेर पडल्या का? मला नाही वाटत. त्या आता दारावर बसल्यात. एखाद्या इलेक्ट्रिशियनचं बघा. कामाच्या ॲपमध्ये शिरायचं तर ओटीपी. यूपीआय नोंदवायचं तर त्याच सिममधून एसएमएस जावा लागतो. जुनी गिऱ्हाइकं त्याच नंबरवर फोन करतात. दहा वर्षांची ओळख एका नंबरावर टांगलेली! चार महिने गावी राहिला, रिचार्ज राहून गेलं आणि नंबर बंद पडला, तर तोच नंबर पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. हातातलं कौशल्य तेच, पण बाजारातून माणूस गायब.

२०११ पासून देशभर नंबर पोर्ट करता येतो, म्हणून कंपनी बदलता येते. हे मोठंच काम झालं. पण माझं म्हणणं एवढंच, की ज्या नंबरावर माणसाची रोजीरोटी आहे, तो नंबर निव्वळ रिचार्जच्या मुदतीवर अवलंबून नसावा.

तोवर आपण काय करायचं? धंद्याचा नंबर स्वतःच्याच नावावर ठेवा, भावाच्या किंवा दुकानमालकाच्या नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत, ते संचार साथीवर तपासता येतं. आणि नंबर बदलणारच असाल, तर आधी बँकेत आणि ॲपवर बदला, मगच जुनं सिम सोडा.

तुमचा अनुभव जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.